कच्ची लोकर आणि बंगालच्या मेंढ्या

नमस्कार श्रोतेहो. आज कच्ची लोकर निवडून आणणं, ती रंगवणं आणि घरी कातणं याबद्दल सांगणार आहे. दुकानातल्या लोकरीच्या तयार गुंड्यांचा विषय आज नाही.

लोकर घ्यायची ती कातरणीच्या दिवसांत, धनगरांच्या वाड्यावर जाऊन, समोर पसरून बघून. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची कातरणी साधारणपणे वर्षातून दोनदा होते. ढिगातून एक बट काढा, तिची दोन्ही टोकं चिमटीत धरा, कानाजवळ न्या आणि हिसका द्या. नुसता टणत्कार आला तर लोकर धड आहे. कडकड आवाज आला, बट मध्येच तुटली, तर ती मेंढी आजारी पडली होती किंवा उपाशी राहिली होती, आणि त्या काळात वाढलेला तंतू तेवढ्याच जागी बारीक झाला. अशी लोकर पिंजताना तुटते. दुसरं, बटेची लांबी बघा. पाच सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर नवशिक्याने घेऊ नये. तिसरं, कात्री एकाच जागी दोनदा फिरली की सेंटिमीटरभराचे तुकडे पडतात. ते झटकून टाका, नाहीतर धाग्यात त्यांच्याच गाठी होतात. पुन्हा सांगते: आवाज, लांबी, तुकडे. आणि रंगवायची असेल तर पांढरी किंवा फिकट करडी घ्या. काळीवर रंग दिसतच नाही.

दख्खनी लोकर टोचते म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. टोचते ती गळ्याला. अंथरायला, पिशवीला, घोंगडीला तीच हवी, कारण ती घासली तरी टिकते. मऊपणा हवा असेल तर मेरिनो जातीच्या मेंढीची घ्या, पण मेरिनोशी तुलना करून आपल्या मेंढीला कमी लेखू नका. त्या मेरिनोची गोष्टच आज सांगायची आहे.

ऑस्ट्रेलियात सिडनीची इंग्रज वसाहत 1788 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे खायचीच मारामार होती, लोकरीचा विचार कोण करणार? 1794 मध्ये जॉन मॅकार्थर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातून आलेल्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्याकडून बंगालच्या साठ मेंढ्या आणि कोकरं विकत घेतली. त्यांच्या अंगावर लोकर कसली, केसच. थोड्याच दिवसांत आयर्लंडहून आलेल्या जहाजाच्या कप्तानाकडून त्याला दोन आयरिश मेंढ्या आणि एक तरुण मेंढा मिळाला. त्याने दोन्ही जाती जुळवल्या. बंगाली मेंढ्यांना जी कोकरं झाली, त्यांच्या अंगावर केस आणि लोकर मिसळून आली होती! मॅकार्थरने पुढे स्वतः लिहून ठेवलंय, की न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या त्या वसाहतीत, बारीक लोकर पिकवावी ही कल्पना सुचली ती हे बघून. 1797 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून मेरिनो मेंढ्या तिथे पोचल्या, त्यातल्या काही त्याने घेतल्या, आणि ऑस्ट्रेलिया लोकरीचा देश झाला. म्हणजे त्या कल्पनेच्या मुळाशी बंगालच्या मेंढ्या आहेत.

गोष्ट इथे संपत नाही. दीडशे वर्षांनंतर, त्याच न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ, बुरूला नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्यांना जुळी, तिळी, कधी चार-पाच कोकरं होऊ लागली. मेरिनोला सहसा एकच होतं. शास्त्रज्ञांनी तो कळप अभ्यासाला घेतला. 2001 मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला, आणि पाठोपाठ तोच बदल सुंदरबनातल्या गरोल मेंढीत मिळाला. गरोल म्हणजे दलदलीत चरणारी, जेमतेम 10 ते 14 किलो वजनाची मेंढी. बंगालहून सिडनीला गेलेल्या मेंढ्यांबरोबरच तो गुण मेरिनोत उतरला असावा, असं आज शास्त्रज्ञ मानतात.

आणि आता आपलं फलटण! सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गरोल मेंढे आणून तो गुण दख्खनी मेंढीत उतरवला. कोणत्या कोकरात तो आलाय हे रक्तातल्या डीएनएवरून तपासायला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा बरोबर होती. त्यातून तयार झालेल्या मेंढीचं नाव नारी सुवर्णा. जो गुण ऑस्ट्रेलियात लोकरीच्या मेंढीत जाऊन प्रसिद्ध झाला, तो आपल्याकडे आला मटणासाठी, कारण धनगराला पैसे मिळतात ते कोकराचे. लोकरीचा भाव कातरणीची मजुरीही भागवत नाही, असं कित्येक ठिकाणी ऐकायला मिळतं. म्हणून हौशी लोकांनी घासाघीस करू नये, हे माझं ठाम मत आहे. चांगली निवडलेली लोकर मागा आणि तिचे चांगले पैसे द्या.

आता धुणं. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे खवले असतात. ऊन पाण्यात ते उघडतात, आणि चोळलं की एकमेकांत अडकून बसतात. मग लोकरीचा नमदा होतो, आणि तो सुटत नाही. साठ अंशांचं पाणी, त्यात रिठे उकळून गाळलेलं पाणी, लोकर नुसती बुडवायची, वीस मिनिटं. खळबळायचं पाणी तेवढंच ऊन हवं. धुण्याचा सोडा अजिबात नको, तो लोकरीलाच खातो. पुन्हा सांगते: चोळायचं नाही, आणि ऊन पाण्यातून एकदम गारात टाकायचं नाही.

रंगवायला शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला दोन ग्रॅम अ‍ॅसिड रंग (आंबट पाण्यात लोकरीला धरणारा तयार रंग), चार लिटर पाणी, शंभर मिलिलिटर पांढरं व्हिनेगर. लोकर आधी तासभर भिजवा, नाहीतर डाग पडतात. स्टीलचं पातेलं घ्या, पण ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. चाळीस मिनिटांत हळूहळू नव्वद अंशांपर्यंत न्या, उकळी फुटू देऊ नका, अर्धा तास तसंच ठेवा. पाणी नितळ झालं की रंग लोकरीत गेला. झाला नाही तर दोन चमचे व्हिनेगर आणखी, लोकर बाजूला सारून घाला आणि पंधरा मिनिटं थांबा. मग पातेल्यातच निवू द्या.

मंजिष्ठाच्या मुळ्यांचा लाल हवा असेल तर रंग धरावा म्हणून आधी शंभर ग्रॅम लोकरीला बारा ग्रॅम तुरटी, आणि मंजिष्ठाचं पाणी सत्तर अंशांच्या वर न्यायचं नाही, नाहीतर लाल तपकिरीकडे झुकतो. हळद मात्र नको. कुणीही कितीही सांगो, हळदीचा पिवळा उन्हात उडतो.

कातायला सुताची टकळी फार हलकी पडते. चाळीस ते साठ ग्रॅमची घ्या. पेटीचरख्याची चाती, म्हणजे धागा गुंडाळणारी सळई, लोकरीला फार वेगाने फिरते, जाड धाग्यात नको इतका पीळ भरतो. लोकर पिंजून तिचे पेळू, म्हणजे सैल गुंडाळ्या, करा. दोन हातांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त ठेवा. कमी ठेवलं तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्या हातात असतात, तो सरकणार कसा? धागा सुटत असेल तर पीळ कमी आहे, वेटोळी पडत असतील तर जास्त. दोन पदर एकत्र वळताना टकळी उलट्या दिशेने फिरवा.

शेवटी लड करून कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवा, दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळत घाला. खाली वजन बांधू नका. ताणून वाळवलेला धागा पहिल्या धुण्यात आखडतो, आणि त्याच्याबरोबर विणलेला स्वेटरही.