लॉरेन जॅक्सन: बारा महिने कोर्टवर

नमस्कार मंडळी. मेलबर्नहून गाडीने सिडनीला जाताना मरे नदी ओलांडली की आल्बरी लागतं, आपण तिथे पेट्रोल भरतो, डब्यातल्या दशम्या खातो आणि पुढे निघतो. त्या गावातल्या स्टेडियमला एका बाईचं नाव दिलंय, ऑस्ट्रेलियाची बास्केटबॉल खेळाडू लॉरेन जॅक्सन, आणि आज मला तिच्याबद्दलच बोलायचंय, कारण आपल्या घरांमध्ये क्रिकेटच्या गप्पा तासन् तास चालतात पण हे नाव कधी निघत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

लॉरेनचा जन्म 1981चा, आल्बरीचाच. आई आणि वडील दोघंही ऑस्ट्रेलियाकडून बास्केटबॉल खेळलेले, आईच्या जर्सीचा नंबर 15, तोच पुढे लेकीने घेतला. सोळाव्या वर्षी ती कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये होती आणि त्याच वयात तिने देशाच्या टीमकडून, म्हणजे ओपल्सकडून, खेळायलाही सुरुवात केली. उंची सहा फूट पाच इंच. एवढ्या उंचीच्या खेळाडूला सहसा बास्केटखाली उभं करतात, रिबाउंड घे, म्हणजे हुकून परत आलेला बॉल पकड, आणि समोरच्याचा शॉट ब्लॉक कर म्हणतात, पण ही बाहेर येऊन बिनधास्त थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट, मारायची, त्यामुळे समोरच्या टीमला कळायचंच नाही की हिला अडवायचं तरी कुठे.

2000च्या सिडनी ऑलिम्पिकची फायनल अमेरिकेशी झाली, ऑस्ट्रेलिया हरलं, सिल्व्हर मिळालं, तेव्हा लॉरेन 19 वर्षांची होती. त्या मॅचमधली लोकांच्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे झटापटीत अमेरिकेच्या लिसा लेस्लीच्या केसांना लावलेला गंगावनासारखा भाग लॉरेनच्या हातात आला, त्यावर किती वर्षं चर्चा चालली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या बायकांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नव्या खेळाडू निवडतात तिथे, सिअ‍ॅटल स्टॉर्म या टीमने तिला सगळ्यात आधी, पहिल्या नंबरवर निवडलं. तिथे ती तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनची सर्वोत्तम खेळाडू, झाली, 2003, 2007 आणि 2010 साली, आणि दोन वेळा स्टॉर्मने लीग जिंकली. मधे 2006 साली ब्राझीलमध्ये ऑस्ट्रेलियाने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्याही टीममध्ये ती होती.

पण मला बोलायचंय ते या बक्षिसांच्या मधल्या काळाबद्दल. डब्ल्यूएनबीएचा सीझन साधारण मे ते सप्टेंबर. मग बाकीचे महिने खेळाडू काय करतात? पुरुषांच्या एनबीएतले मोठे प्लेअर विश्रांती घेतात, शरीराची डागडुजी करतात. बायकांचं तसं नव्हतं, कारण अमेरिकेत मिळणारा पगारच तेवढा नव्हता. एक उदाहरण देते म्हणजे अंदाज येईल, डायना टॉरासी ही जगातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंपैकी एक, तिला अमेरिकेत वर्षाला साधारण 1 लाख 7 हजार डॉलर मिळायचे आणि रशियातला क्लब तिला 15 लाख डॉलरच्या आसपास द्यायचा, इतके की 2015 साली त्या क्लबने तिला सांगितलं की तू उन्हाळ्यात अमेरिकेत खेळू नकोस, आराम कर, आणि ती खरंच खेळली नाही. म्हणजे आराम करायलासुद्धा दुसऱ्या कुणीतरी पैसे मोजावे लागले.

लॉरेनही तशीच फिरत राहिली. कोरियात खेळली, मॉस्कोच्या स्पार्टाक क्लबकडून खेळली, स्पेनमध्ये खेळली, आणि मधेमधे घरी येऊन कॅनबेरा कॅपिटल्सकडून आपल्या डब्ल्यूएनबीएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या लीगमध्ये. आता तिचं 2010 हे एकच वर्ष घ्या. मार्चमध्ये कॅनबेराने ऑस्ट्रेलियन लीग जिंकली, त्यात ही होती. मग ती सिअ‍ॅटलला गेली, अख्खा सीझन खेळली, तिसऱ्यांदा एमव्हीपी झाली, 16 सप्टेंबरला स्टॉर्मने अटलांटाला हरवून फायनल 3-0 अशी जिंकली आणि फायनलची एमव्हीपीही तीच. 23 सप्टेंबरला चेक रिपब्लिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू! मधे जेमतेम एक आठवडा, त्यातच विमानप्रवास, वेगळी टीम, वेगळा कोच, आणि गुडघे मात्र तेच. ऑस्ट्रेलिया तिथे पाचवं आलं आणि लगेच टीका झाली, पण त्या बायका कुठल्या अवस्थेत तिथे उतरल्या होत्या हे कितीजणांनी पाहिलं?

शरीराने व्हायचं तेच केलं. नडगीची हाडं, पाठ, कंबर, एकामागून एक दुखणी. 2012च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ती ऑस्ट्रेलियाचा झेंडा घेऊन चालली, ब्राँझ मिळालं, त्यानंतर थोड्याच काळात चीनमध्ये खेळताना गुडघा गेला आणि ऑपरेशनवर ऑपरेशन झाली. वेदनेच्या आणि झोपेच्या गोळ्यांशिवाय दिवस जात नव्हता हे तिने पुढे स्वतःच उघडपणे सांगितलंय, आणि मला विचाराल तर हे बोलायला जास्त धाडस लागतं. मार्च 2016मध्ये, रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर, तिने रिटायरमेंट जाहीर केली. वय अवघं 34.

इथे गोष्ट संपली असंच सगळ्यांना वाटलं. तिला दोन मुलं झाली, ती आल्बरीत राहायला आली, बास्केटबॉल ऑस्ट्रेलियात मुलींच्या खेळाचं काम बघायला लागली. आणि मग 2022मध्ये गावातल्याच बँडिट्स टीमकडून ती पुन्हा खेळायला लागली, गुडघ्याच्या दुखण्यावर वैद्यकीय गांजाच्या उपचाराचा तिला उपयोग झाला होता, आणि बघता बघता वर्ल्ड कपच्या टीममध्ये तिचं नाव आलं, वयाच्या 41व्या वर्षी. स्पर्धा सिडनीत, ऑलिम्पिकची फायनल झाली होती त्याच हॉलमध्ये. ब्राँझसाठी कॅनडाशी मॅच होती, ऑस्ट्रेलियाने ती 95-65 अशी जिंकली आणि त्यातले 30 पॉइंट एकट्या लॉरेनचे. ती कोर्टवरून बाहेर निघाली तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला होता. मी त्या मॅचचं रेकॉर्डिंग परत परत बघते, तिचं लांबून मारणं तसंच आहे, हात वर गेला की बॉल सुटतो, फक्त परत पळताना ती पाय जपून टाकते.

त्यानंतर मेलबर्नच्या साउथसाइड फ्लायर्सकडे आली तर टाचेची अकिलीस शीर तुटली. तरी 2024च्या मार्चमध्ये फ्लायर्सनी लीग जिंकली तेव्हा ती टीममध्ये होती, आणि त्याच वर्षी पॅरिसला, 43व्या वर्षी, आपलं पाचवं ऑलिम्पिक खेळली. फार वेळ कोर्टवर नव्हती, पण बेल्जियमला 85-81 हरवून ब्राँझ आलं आणि पाच ऑलिम्पिकमधलं तिचं पाचवं मेडल झालं.

मंडळी, डब्ल्यूएनबीएलचा सीझन आपल्याकडे उन्हाळ्यात असतो. घरात मुली असतील, मुलगे असतील, त्यांना घेऊन एकदा मॅचला जा, टीव्हीवर नाही, प्रत्यक्ष. खेळाडू मॅच संपल्यावर थांबतात, पोरांना सह्या देतात, बोलतात. आणि जमलं तर त्यांना विचारा, या सीझननंतर तुम्ही कुठे खेळायला जाणार आहात?