अनवाणी पंजे

(दृश्य : दुपारचा डांबरी रस्ता. कॅमेरा अगदी जमिनीलगत. चपला घातलेली दोन पावलं, त्यांच्या मागोमाग कुत्र्याचे चार पंजे.)

दोघं एकाच रस्त्याने चाललेत. एकाच्या पायात चपला आहेत, दुसरा अनवाणी आहे.

हवेचं तापमान ३० अंश असलं की आपण म्हणतो, आज ऊन जरा बरं आहे. पण सकाळपासून उन्हात तापलेलं डांबर तेव्हा ५५ अंशांच्याही पुढे गेलेलं असू शकतं. इतक्या तापल्या जमिनीवर कातडी भाजायला एक मिनिटसुद्धा पुरतं.

(दृश्य : हातात धरलेला पंजा. काळ्या, खरखरीत गाद्या.)

पंजाच्या या गाद्या हाताला राठ लागतात, म्हणून त्यांना काही होत नाही असं पुष्कळांना वाटतं. वरचं कातडं जाड असतं, हे खरं. त्याच्या आत चरबीचा मऊ थर असतो, तो उडीचा धक्का सोसतो. गादीतल्या धमन्या आणि शिरा एकमेकींना इतक्या लगटून असतात, की आत येणारं गरम रक्त परतीच्या थंड रक्ताला ऊब देतं. बर्फावरही पंजा गारठत नाही, तो यामुळे. ही सोय थंडीसाठीची आहे. तापलेल्या डांबरावर तिचा उपयोग नाही.

आणि कुत्रा थांबतोच असं नाही. आपण चालतो म्हणून तो चालत राहतो. मध्येच पाय उचलून धरतो, कडेच्या गवताकडे ओढतो, रस्त्यातच बसकण मारतो. आपल्याला वाटतं, हट्ट करतोय, आणि आपण पट्टा ओढतो. हे बघताना माझ्या पोटात तुटतं.

घरी आल्यावर तो पंजे चाटत बसतो. लंगडतो. गाद्या लालभडक दिसतात, कधी फोड येतात, कधी कातड्याची सालच निघते.

(दृश्य : मावळता सूर्य. माणसं फिरायला निघालेली.)

खरी फसगत होते ती संध्याकाळी. ऊन उतरलं, वारा सुटला, आपल्याला बरं वाटलं, की आपण पट्टा हातात घेतो. पण डांबराने दिवसभर साठवलेली धग सूर्याबरोबर मावळत नाही. ती तासन्‌तास आत राहते. पहाटे हाच रस्ता रात्रभर निवलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात फिरणं पहाटेच बरं.

कृत्रिम गवताच्या हिरव्या रंगाला तर भुलूच नका. खऱ्या गवतात ओल असते, ते गार राहतं. प्लास्टिकचं गवत उन्हात डांबराइतकं, कधी त्याहूनही जास्त तापतं. वाळू, लोखंडी झाकणं, गाडीचा पत्रा, सगळ्यांचं तेच. पोहून आलेल्या कुत्र्याच्या गाद्या भिजून मऊ पडलेल्या असतात, त्या आणखी लवकर भाजतात. पिल्लांच्या तर मुळातच कोवळ्या असतात.

बूट मिळतात, आणि मापाचे असतील तर उपयोगी पडतात. मात्र कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांनाच, म्हणून घरी आल्या आल्या ते काढायचे. सवय आधी घरातच लावायची, चार-चार पावलांनी.

भाजलंच, तर त्याला उचलून घ्या, चालवू नका. पंजावर साधं गार पाणी दहा-वीस मिनिटं सोडत राहा. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको. त्याला चाटू देऊ नका. फोड आला असेल, साल निघाली असेल किंवा तो पाय टेकत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

(दृश्य : संध्याकाळ. दाराशी उतावीळ झालेला कुत्रा. बाहेर रस्त्यावर कुणीतरी वाकून हाताची मागची बाजू डांबराला टेकवतं.)

उंबऱ्याजवळच्या सावलीत नाही, जिथे दिवसभर ऊन होतं तिथे हात टेकवायचा. सातपर्यंत मोजायचं.

एक. दोन. तीन. चार.

(हात झटकन वर येतो. पट्टा पुन्हा खुंटीला. कुत्रा बघत राहतो.)

थांब रे जरा. तासाभराने पुन्हा बघू.