वेल्डच्या शेजारची चीर

(कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळ. शटर वर जातं. टेबलावर तीन फ्रेमा.)

वेल्डिंगच्या या शेडमध्ये एरवी पंपाचे भाग येतात, दुधाच्या कॅनचे तुटलेले कान येतात. आज टेबलावर सायकलच्या तीन फ्रेमा आहेत. तिन्ही रोडबाईकच्या, तिन्ही ॲल्युमिनियमच्या.

डावीकडची माझी पहिली. डाउन ट्यूब, म्हणजे खालची तिरकी नळी, हँडलखालच्या हेड ट्यूबला मिळते, तिथं खालून बघा. रंगात केसाएवढी रेघ आहे, ती चीर. पन्हाळ्याहून उतरताना हँडल वेगळंच वागायला लागलं म्हणून वाघबीळला थांबलो, तेव्हा सापडली. मी इथंच आणून तिला आर्गन वेल्डिंग मारून घेतलं. चार महिन्यांत वेल्डच्या शेजारी नवी चीर आली. वेल्ड मात्र जागच्या जागी शाबूत.

तेव्हा इथल्या वेल्डर मामांनी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. "आधी भट्टीत घालून मग जोडलीया, का जोडून मग भट्टीत घातलीया?"

मी म्हणालो, "जोडून मग, मामा."

"मग माझ्याकडं तेवढी भट्टी न्हाई."

ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो.

(जवळून: नळीचा कापलेला तुकडा.)

सायकलला बहुतेक वेळा ६०६१ नावाचा मिश्रधातू वापरतात. ॲल्युमिनियममध्ये सुमारे एक टक्का मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन. त्याची ताकद भट्टीतून येते. सुमारे ५३० अंशांना तापवायचं, झटकन पाण्यात थंड करायचं, मग १७५ अंशांच्या आसपास आठ तास शेकायचं. त्यानंतर नळीवर आर्गन वेल्डिंग केलं की जोडाच्या आसपासचा पट्टा पुन्हा मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून चांगला कारखाना आख्खी फ्रेम जोडून झाल्यावर भट्टीत घालतो. पाण्यात बुडवताना ती वाकडी होते, मऊ असतानाच सरळ करावी लागते, आणि मग शेकायची. माझी दुरुस्ती तुटली ती मामांच्या हातामुळे नव्हे. त्यांचा हात उत्तम आहे.

सुरुवातीच्या कारागिरांनी ही अडचण टाळली, ती वेल्डच न करता. फ्रान्सच्या व्हिटस ९७९ मध्ये नळ्या जोडांत चिकटवलेल्या असत. आयर्लंडचा शॉन केली १९८०च्या दशकात त्या फ्रेमवर मोठमोठ्या शर्यती जिंकला. फ्रेम हलकी होती, पण जोर लावला की लवायची. कारण साधं आहे. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. पोलादाच्या नळीइतकीच बारीक नळी घेतली तर ती लवणारच.

यावर तोड अमेरिकेत आधीच निघाली होती. १९७०च्या दशकात एमआयटीत शिकणाऱ्या गॅरी क्लाइननं नळ्या जाड व्यासाच्या घेतल्या, वेल्ड केल्या आणि भट्टीत घातल्या. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं आणि ताठपणा आठपट. या आठपटीवर पुढची सगळी ॲल्युमिनियमची सायकल उभी आहे.

अमेरिकेच्याच कॅननडेल कंपनीनं १९८३ मध्ये आपली पहिली सायकल काढली, तीही जाड नळ्यांची. १९९०च्या दशकातल्या त्यांच्या एका फ्रेमचं नावच २.८ होतं, म्हणजे २.८ पौंड, सव्वा किलोच्या जरा वर. मग त्यांची कॅड (CAAD) नावाची ॲल्युमिनियम फ्रेमांची मालिका सुरू झाली. पुढं १९९८ मध्ये इटलीच्या मार्को पंतानीनं बियांकी कंपनीच्या ॲल्युमिनियम फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली. त्यानंतर ॲल्युमिनियमवर ती कुणी जिंकलेली नाही. कार्बन आला.

माझ्या मते खरी गंमत इथून पुढं आहे. शर्यतीतून बाहेर पडलेल्या धातूवर लोक आणखी वीस वर्षं डोकं चालवत राहिले.

(मधली फ्रेम. हात डाउन ट्यूबवरून फिरतो.)

ही कॅड-१०, २०११ची. आधीची कॅड-९ अमेरिकेत बनायची, हिच्यापासून काम तैवानला गेलं. धातू ६०६९, म्हणजे ६०६१ पेक्षा मजबूत, त्यामुळं भिंत पातळ करता येते. हेड ट्यूबकडं हात लावा, बीबीकडं, म्हणजे पेडलच्या आसाकडं, लावा, नळीचा आकार जागोजाग बदलतो. नळी साच्यात ठेवून आतून प्रचंड दाबानं द्रव सोडतात, नळी फुगून साच्याचा आकार घेते. कोल्हापूरकराला साचा समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथं धातू वितळत नाही.

कंपनीनं अकरा हा आकडा गाळला. २०१५ची कॅड-१२ आणखी हलकी, ५६ मापाच्या फ्रेमचं वजन कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं १०९८ ग्रॅम. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बारीक केला, २५.४ मिलिमीटर, म्हणजे तो थोडा लवावा.

(उजवीकडची फ्रेम.)

आणि ही २०१९ची कॅड-१३. मागच्या दोन काड्या बघा, सीटखालच्या उभ्या नळीला, म्हणजे सीट ट्यूबला, खूप खाली येऊन मिळतात. आधीच्या सगळ्या पिढ्यांत त्या वरपर्यंत जायच्या. वरचा सीट ट्यूबचा भाग मोकळा राहिला, तो खड्ड्यात लवतो. टायर ३० मिलिमीटरपर्यंत बसतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी फ्रेम लवते म्हणून लोक वैतागले होते. आता ती हवी तिथंच, मोजून लववली आहे.

(शिवाजी पूल, पंचगंगा. उसाचे ट्रॅक्टर.)

शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा. वीस किलोमीटरचा हा रस्ता ऊस सुरू झाला की उखडतो. मी तिन्ही फ्रेमांवर तो केला आहे. चढावर दहा आणि तेरा यांत मला फरक कळला नाही. उतारावर, केर्लीच्या पुढच्या खरबरीत पट्ट्यात कळला, आणि त्यातला मोठा वाटा फ्रेमचा नसून जाड टायरचा होता. म्हणून जुनी दहा असेल तर फ्रेम बदलण्याआधी २५चा टायर घाला, हवा कमी ठेवा.

जुनी विकत घेणार असाल तर मात्र वजन विचारू नका. फडकं ओलं करून तीन जागा पुसा. हेड ट्यूबच्या खालची बाजू, बीबीच्या भोवती, सीट क्लॅम्पच्या खाली. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. प्रत्येक धक्का कुठंतरी जमा होतो, आणि बहुतेक वेळा तो याच तीन जागी दिसतो. नखाला रेघ लागली तर ती घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देऊ दे.

माझी पहिली फ्रेम मामांनी शेडमध्येच खिळ्याला टांगून ठेवली आहे. कुणी तुटलेली फ्रेम घेऊन आलं, की आधी तिच्याकडं बोट दाखवतात.