दिवसमान आणि डासाची सुप्त अंडी

थंडीने डास मरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग समशीतोष्ण देशांत उन्हाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा येतात कुठून? प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी. क्युलेक्स पिपिअन्सची मादी तळघरात हिवाळा काढते. रक्त सोडून मधुरसावर चरबी साठवते, अंडाशयाची वाढ थांबवून ठेवते. एडिस अल्बोपिक्टसची मादी मात्र मरते आणि अंडी मागे ठेवते. आज तिच्याबद्दल.

थंडी हा बेभरवशाचा इशारा आहे. ऑक्टोबरात आठवडाभर ऊन पडू शकतं. दिवसमान फसवत नाही. मादीला कोषात असताना आणि प्रौढ झाल्यावर लहान दिवस मिळाले, की ती सुप्त अंडी घालते. म्हणजे इशारा आईला मिळतो, थांबतं पोर. अंड्यात अळी पूर्ण घडते, पण बाहेर येत नाही. साधं वाळलेलं अंडं पाण्यात बुडताच फुटू शकतं. सुप्त अंडं पाणी आणि ऊब दोन्ही मिळूनही फुटत नाही.

हे तपासायला डास वाढवायची दोन बंद कपाटं लागतात, दोन्ही 21 अंश सेल्सिअसवर. एकात 16 तास उजेड, दुसऱ्यात 8. ओल्या कागदावर घेतलेली अंडी आठवडाभर ओलसर ठेवायची. आधीच वाळवली तर गर्भ अर्धवट राहून मरतो. मग ती प्राणवायू कमी केलेल्या पाण्यात बुडवायची, कारण अंड्याला फुटण्याचा इशारा तोच. उरलेली न फुटलेली अंडी ब्लीचमध्ये ठेवली की कवच पारदर्शक होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली अळीचे डोळे दिसतात. डोळे दिसले तरच ते सुप्त. अनेकजण न फुटलेलं प्रत्येक अंडं सुप्त धरतात. त्यात वांझ अंडीही मोजली जातात आणि आकडा फुगतो. कपाट जास्त गरम राहिलं तर उलट, लहान दिवसांतही सुप्त अंडी कमी होतात. दाराच्या फटीतून येणारा मंद उजेडही डासाच्या हिशोबात दिवसच. म्हणूनच बाहेर उघड्यावरचं गणित निव्वळ सूर्योदय-सूर्यास्तावर मांडू नका, संधिप्रकाशही धरा.

1985 साली अमेरिकेत ह्यूस्टनला हा डास स्थिरावलेला आढळला. तो बहुधा जपानकडून आलेल्या जुन्या टायरांतून पोचला, आणि समशीतोष्ण वाणाचा असल्यामुळे ही सवय सोबत घेऊन आला. पुढच्या काही दशकांतच उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे डास वेगवेगळ्या दिवसमानाला प्रतिसाद देऊ लागले. उष्ण प्रदेशातल्या अल्बोपिक्टसमध्ये ही सुप्तावस्था सहसा नसतेच. मुंबईत दिवस साधारण 11 ते सव्वातेरा तासांत फिरतो. तिथे डासांचा हंगाम ठरवतो तो पाऊस.

शहरातल्या रात्रीच्या दिव्यांनी या डासाचीही सुप्तावस्था कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण दिवे बंद करून हिवाळ्यातली अंडी जाणार नाहीत. टायर, कुंडीखालच्या बशा नुसत्या ओतून ठेवू नका. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात. ताठ ब्रशने ती जागा घासावीच लागते.