जोडीला दुसरी गोळी

(दृश्य: टेबलावर औषधाची बाटली. हातमोजे घातलेलं बोट एकेक गोळी बाजूला सारतंय.)

बारा... तेरा... चौदा. रोज एक घ्यायची गोळी, आणि चौदा परत आल्या. म्हणजे दोन आठवडे औषध पोटात गेलंच नाही. नव्या औषधाची रुग्णांवरची चाचणी अशा मोजणीवरही अवलंबून असते.

टाइप २ मधुमेहात बहुतेकांची सुरुवात मेटफॉर्मिन या गोळीने होते. काही वर्षं शुगर आटोक्यात राहते. पुढे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी थकत जातात आणि तीच गोळी पुरेनाशी होते. माझंच पथ्य चुकलं, असं रुग्णाला वाटत राहतं. सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही; हा आजारच पुढे सरकणारा आहे.

मग जोडीला काय द्यायचं?

हे ठरवायला घेतलेल्या चाचणीत मेटफॉर्मिन कुणाचंच बंद करत नाहीत. काहींना त्यावर नवं औषध, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. कारण चाचणीत आलेला माणूस जेवण सांभाळतो, गोळ्या वेळेवर घेतो, आणि तेवढ्यानेही शुगर उतरू शकते. ती उतरण वजा करून जे उरेल, तेवढंच औषधाचं श्रेय.

एका सकाळच्या शुगरवर निकाल लागत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, म्हणजेच एचबीए१सी, मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. म्हणून अशा चाचण्या बहुधा सहा महिने चालतात. मध्येच शुगर फार चढली, तर वेगळं औषध देऊन ती उतरवावीच लागते. चाचणीपेक्षा माणूस आधी.

अमेरिकेतल्या ‘ग्रेड’ चाचणीत ५,०४७ जणांच्या मेटफॉर्मिनला चारपैकी एक औषध जोडलं आणि सरासरी पाच वर्षं पाठपुरावा केला. निकाल २०२२ मध्ये आले. ग्लार्जिन इन्सुलिन आणि लिराग्लुटाइड थोडी सरस ठरली. तरी एकूण दहांतल्या सुमारे सात जणांचं एचबीए१सी पुन्हा ७ टक्क्यांच्या मर्यादेवर गेलंच.

(दृश्य: रुग्णाची वही.)

‘रात्री तीन. घाम सुटला, हात थरथरले. शुगर ५८.’

औषधाच्या हिशेबात शुगर फार उतरल्याची ही ओळही धरावी लागते.