टँकरच्या पाटीवरचं १२०३ म्हणजे काय?

नमस्कार मंडळी! मनमाडजवळच्या पानेवाडीत भरलेला टँकर चांदवडला हायवेला लागतो आणि नाशिककडे येतो. त्याच्या मागे कितीदा अडकला असाल. आज हॉर्न राहू द्या, त्याची पाटी वाचू.

आकडा बघा, १२०३. जगात कुठेही गेलात तरी १२०३ म्हणजे पेट्रोल. डिझेल १२०२, क्लोरीन १०१७. अंबड एमआयडीसीत ॲसिडची गाडी दिसली तर १८३० शोधा, ते सल्फ्युरिक.

शेजारी इंग्रजीत '३ वाय ई'. हे फायर ब्रिगेडसाठी. ३ म्हणजे फोम मारा. नुसतं पाणी मारलं तर पेट्रोल त्यावर तरंगतं आणि आग घेऊन पुढे वाहत सुटतं. वाय म्हणजे भडका उडू शकतो, श्वसनयंत्र लावा, माल गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे माणसं हलवा. अख्खा प्लॅन तीन अक्षरांत!

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असल्या मालाच्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग सांगितलंय. सोबत ट्रेम कार्डही हवं, म्हणजे गळती झाली तर काय करायचं त्याचा कागद. ड्रमच्या गाड्यांत गंमत अशी, की माल बदलतो आणि केबिनमध्ये कार्ड मात्र गेल्या खेपेचंच!

पण माझं खरं भांडण एका वाक्याशी आहे. 'साहेब, गाडी रिकामीये.' अरे बाबा, पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते त्याची वाफ. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के झाली की ठिणगी पुरे. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी. खाली केलेल्या टाकीत हवा आत शिरते, तळाशी वाफ असतेच. म्हणून टाकी गॅस-फ्री केल्याशिवाय, म्हणजे आतली वाफ पूर्ण काढल्याशिवाय, वेल्डिंगवाल्याला हात लावू द्यायचा नाही. 'एकच टाका मारायचाय' म्हणाला तरी नाही.

आणि टँकर उलटलेला दिसला तर? कॅन घेऊन धावणारे भेटतीलच, त्यांच्यात तुम्ही नको. ही वाफ हवेपेक्षा जड, चारीत, खड्ड्यात साचून राहते. वारा तुमच्याकडून टँकरकडे वाहतोय अशा बाजूला, उंचावर, चांगलं लांब जा. पाटी लांबूनच वाचा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून. मग ११२ लावा आणि 'टँकर उलटलाय' एवढ्यावर थांबू नका, 'बारा शून्य तीन' सांगा.