पापणी न हलवता

हे पान बघा. चित्र किती लहान आहे, आणि भोवती नुसता पांढरा कागद. लांडग्याचा ड्रेस घातलेला मॅक्स भला मोठा हातोडा घेऊन भिंतीत खिळा ठोकतोय. पुढचं पान... चित्र थोडं वाढलं. अजून पुढे... अजून वाढलं. आम्ही कॅमेरा जागचा हलवलेला नाहीये बरं का, झूमही नाही, चित्रच वाढतंय.

पुस्तक आहे 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', अमेरिकेत १९६३ साली आलेलं, गोष्ट आणि चित्रं दोन्ही मॉरिस सेंडॅकची. सगळा मजकूर मिळून ३३८ शब्द. पोरांना पुस्तक वाचून दाखवणाऱ्या ताईंकडची कॉपी इंग्रजीच आहे, त्या वाचता वाचता मराठीत सांगतात, आणि खरं सांगू का, समोरच्या चार-पाच वर्षांच्या पोरांना त्याचं काही पडलेलंच नाही, सगळ्यांच्या माना कुठे वळल्यात बघा.

मस्ती केली, आईला उलट बोलला, म्हणून मॅक्सला जेवणाशिवाय झोपायला पाठवलंय. आणि त्याच्या खोलीत झाडं उगवायला लागतात. इथे चित्राची पांढरी कडा गेली, अख्खं पान भरलं, मग ते शेजारच्या पानावर सांडलं, आणि होडीत बसून मॅक्स पोचला तिथे हे राक्षस उभे. दात, नखं, पिवळे डोळे. अंगावरच्या केसांसाठी काळ्या शाईच्या बारीक बारीक रेघा मारल्यात, एकावर एक, जाळीसारख्या, लाल फ्रॉकवाली बोट फिरवून बघतीये ते टोचतात का.

ही ध्यानं आली कुठून? तर सेंडॅकला आधी घोडे काढायचे होते, पण घोडे काही त्याला जमेनात. मग आठवले लहानपणीचे नातेवाईक. ब्रुकलिनच्या घरी रविवारी जेवायला येणारे, पोलंडहून आलेले काका-मावश्या, वेडेवाकडे दात, नाकातले केस, गाल ओढणार आणि म्हणणार, किती गोड, खाऊनच टाकू का तुला! आपल्याकडच्या लग्नातही हे दर पाच मिनिटांनी होतं, पोर आईच्या पदरामागे लपतं आणि आपण म्हणतो लाजतोय.

आता मॅक्सकडे तलवार नाही, मंत्र नाही. तो त्या पिवळ्या डोळ्यांत पापणी न हलवता बघत राहतो, आणि तेच घाबरतात, त्याला राजा करतात. पुढे सलग तीन जोडपानं, कडेपासून कडेपर्यंत फक्त धिंगाणा, एकही शब्द छापलेला नाही. ताई गप्प होतात. आम्हीपण.

(फक्त खोलीतला आवाज)

पुस्तक आलं तेव्हा बऱ्याच मोठ्यांना हे फार भीतीदायक वाटलेलं. १९६९ मध्ये ब्रुनो बेटलहाइम या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञाने एका मासिकात त्यावर टीका केली, आणि तीसुद्धा पुस्तक स्वतः न वाचता. त्याआधी १९६४ लाच पुस्तकाला कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळून गेलं होतं, असो. पण ताई सांगतात की आजही पालक पुस्तक चाळतात, राक्षस दिसला की परत ठेवतात, जरा गोडसं काही द्या ना. आणि हीच मंडळी रात्री म्हणणार, झोप, नाहीतर बागुलबुवा येईल! म्हणजे तोंडाने बोलावलेला बागुलबुवा चालतो, ज्याला दात किती ते पोराला कधीच दिसत नाही, आणि कागदावरचा, जो पुस्तक मिटलं की आत जातो, तो मात्र नको.

या पोरांची भीती गेली का? एक आई म्हणाली, हल्ली पॅसेजमधून एकटा पाणी प्यायला जातो. एवढंच.

शेवटाकडे मॅक्स घरी येतो, खोलीत जेवण ठेवलेलं. आणि अगदी शेवटच्या पानावर चित्रच नाही, जेवण अजून गरम होतं एवढंच छापलंय.

पुस्तक संपलं, बाकीचे चपला शोधतायत. कोपऱ्यात निळा टीशर्ट दिसतोय? मघाशी राक्षस आले तेव्हा डोळ्यांवर हात घेऊन बसलेला हाच. आता एकटा पानं उलटी चाळतोय. सापडलं त्याला ते पान. डोळे बघा त्याचे.